छापणाऱ्याची जबाबदारी

बेंजामिन फ्रँकलिन म्हटले की, आपल्याकडील सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढे वादळात पतंग उडवणारा शास्त्रज्ञ किंवा अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर स्वाक्षरी करणारा मुत्सद्दी उभा राहतो. परंतु आपल्या मृत्युपत्राच्या आरंभी फ्रँकलिनने स्वतःची ओळख सर्वप्रथम करून दिली ती मुद्रक म्हणून. वकिलातीची आणि अध्यक्षपदाची बिरुदे त्यानंतर आली. अठराव्या शतकातील वसाहतीत मुद्रकाचा प्रपंच विद्वत्तेवर चालत नव्हता. तो चालत होता कोऱ्या दस्तऐवजांच्या छपाईवर, पंचांगांवर आणि मुख्यतः जाहिरातींवर. या जाहिरातींच्या पानावरून फ्रँकलिनचे चरित्र वाचू गेल्यास एक प्रश्न वारंवार समोर येतो: पैसे घेऊन जे छापले, त्याच्या खरेखोटेपणाची जबाबदारी छापणाऱ्यावर आहे की नाही? या प्रश्नाला त्याने ऐन पंचविशीत एक उत्तर दिले. पुढील साठ वर्षांत त्याच्या आयुष्याने त्याला निराळे उत्तर शिकवले.

फ्रँकलिनचा जन्म 1706 सालचा, बोस्टनचा. वडील साबण व मेणबत्त्या करीत. मुलगा बाराव्या वर्षी थोरला भाऊ जेम्स याच्या छापखान्यात उमेदवार म्हणून करारबद्ध झाला. 1721 साली बोस्टनमध्ये देवीची भयंकर साथ आली आणि 800 हून अधिक माणसे दगावली. रोग्याच्या फोडांतील द्रव निरोगी माणसाच्या कातडीखाली टोचून सौम्य रोग आणण्याची पद्धत कॉटन मॅथर या धर्मोपदेशकाने त्या वेळी पुरस्कारिली. त्याला ती प्रथम समजली होती ओनेसिमस या आपल्या आफ्रिकी गुलामाकडून. बॉइलस्टन या वैद्याने स्वतःच्या मुलावर ती करूनही पाहिली. त्याच वर्षी जेम्सने सुरू केलेल्या ‘न्यू इंग्लंड कूरंट’ या पत्राने मात्र टोचणीविरुद्ध मोहीम उघडली. त्या पत्राच्या छापखान्यात राबणारा उमेदवार होता पंधरा वर्षांचा बेंजामिन. छापलेल्या शब्दाचे परिणाम कोठवर जातात, याचा विचार करण्याचे ते वय नव्हते.

पुढे भावाचा मार असह्य होऊन बेंजामिन 1723 साली करार मोडून पळाला. त्यावर जेम्सने आपल्याच पत्रात, छापखान्याला एक चलाख उमेदवार हवा आहे, अशी चार शब्दांची जाहिरात दिली. परागंदा झालेला हा मुलगा फिलाडेल्फियास पोहोचला, लंडनला दोन वर्षे काढून परत आला आणि 1729 साली ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’ या डबघाईला आलेल्या साप्ताहिकाचा धनी झाला. स्वतः करार मोडून पळालेल्या या माणसाच्या पत्रात मग आठवड्यामागून आठवडे पळालेल्या करारबद्ध नोकरांच्या जाहिराती झळकू लागल्या. त्यांत पळालेल्याचे वय, अंगावरील कपडे, चेहऱ्यावरील व्रण आणि पकडून देणाऱ्यास मिळावयाचे बक्षीस यांचा बारीक तपशील असे.

‘गॅझेट’च्या या पानांतून त्या वसाहतीचा सारा संसार डोळ्यांपुढे उभा राहतो. बंदरात लागलेली गलबते, लंडनहून आलेले कापड, विकावयाची जमीन, हरवलेली घोडी यांच्या सूचना त्यांत आहेत. 1737 साली फ्रँकलिन फिलाडेल्फियाचा पोस्टमास्तर झाला. तेव्हापासून, ज्यांची पत्रे नेण्यास कोणी आले नाही अशांच्या नावांच्या याद्याही पत्रात येऊ लागल्या. छापखान्याला लागून पत्नी डेबोराचे दुकान होते. तेथे शाई, कागद, पुस्तके आणि बोस्टनहून भावंडांनी पाठवलेला साबण मिळे. देवळातील बाकावरून कोणी तिचे लाल बांधणीचे प्रार्थनापुस्तक लांबवले, तेव्हा फ्रँकलिनने जाहीर सूचना छापली. नेणाऱ्याने पुस्तकातील चोरीविरुद्धची आज्ञा एकदा वाचावी आणि ते मुकाट्याने जागेवर ठेवावे, पुढे चौकशी होणार नाही, असा तिचा आशय होता. जाहिरात वाचली जावी तर तिच्यात माणसाचा आवाज हवा, हे मर्म त्याला फार लवकर उमगले होते.

याच पानांवर औषधेही होती. इंग्लंडहून डॅफीचा अर्क, बेटमनचे थेंब, गॉडफ्रेचे कॉर्डियल अशा बाटल्या वसाहतींत येत आणि वाणसामानाच्या, पुस्तकांच्या, किंबहुना छापखान्याच्या दुकानांतही विकल्या जात. त्यांना पेटंट औषधे म्हणत. पण राजाची सनद मोजक्याच औषधांना असे आणि ती असली तरी धंद्याचा हक्क तेवढा राखी, गुणाची हमी देत नसे. गॉडफ्रेच्या कॉर्डियलमध्ये अफू असे. रडणारी मुले निजावीत म्हणून आया ते पाजीत. आपल्याकडे तान्ह्या मुलांना अफूची गोळी देण्याची चाल होती, तिचाच हा बाटलीबंद अवतार. फ्रँकलिनचे घरही या व्यवहारापासून अलिप्त नव्हते. 1731 साली ‘गॅझेट’मध्ये त्याच्या विधवा सासूच्या खरजेवरील मलमाची जाहिरात आली. मलम कधीच अपयशी ठरत नाही, उवाही घालवते आणि अंगावर पिणाऱ्या मुलालाही अपाय करीत नाही, असा दावा तीत होता. मलम नव्या छापखान्यात, म्हणजे जावयाच्याच घरी मिळत होते.

त्याच वर्षी फ्रँकलिनने मुद्रकाच्या जबाबदारीविषयीचे आपले पहिले उत्तर लिहिले. निमित्त होते बार्बाडोसला निघालेल्या एका गलबताच्या कप्तानाच्या हस्तपत्रकाचे. त्यात धर्मोपदेशकांना जहाजावर घेणार नाही, अशा अर्थाचा टवाळ मजकूर होता. धर्मोपदेशक संतापले आणि ‘गॅझेट’वर बहिष्काराची भाषा सुरू झाली. त्यावर फ्रँकलिनने मुद्रकांच्या वतीने एक कैफियत प्रसिद्ध केली. माणसांची मते त्यांच्या चेहऱ्यांइतकीच भिन्न असतात. मुद्रकाने सर्वांचे काम करावे. कोणालाही न दुखावणारेच छापावयाचे ठरवले तर फारच थोडे छापले जाईल, असा तिचा सारांश. वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या इतिहासात या कैफियतीला मानाचे स्थान आहे आणि ते योग्यच आहे. परंतु ती मतांपुरती खरी आहे. मताला प्रतिमताने उत्तर देता येते. बाटलीतील अफूला तान्हे मूल कोणते उत्तर देणार?

आणि विकावयाची वस्तू जर माणूसच असेल, तर ती कैफियत कोठे पुरी पडते? ‘गॅझेट’मध्ये निग्रो स्त्रीपुरुषांच्या विक्रीच्या जाहिराती नित्य येत. अधिक चौकशी मुद्रकाकडे करावी, असे त्यांतील अनेकींत म्हटलेले असे. म्हणजे मुद्रक केवळ छापीत नव्हता, दलालीही करीत होता. फ्रँकलिनच्या स्वतःच्या घरीही गुलाम होते. गंमत अशी की, राल्फ सँडिफर्ड आणि बेंजामिन ले या क्वेकरांची गुलामगिरीवर कोरडे ओढणारी पुस्तकेही त्याच्याच छापखान्यात निघाली. त्यांवर मुद्रकाचे नाव मात्र नव्हते. सर्वांचे काम करावे हे तत्त्व त्याने पाळले खरे. पण जिची विक्री होत होती त्या स्त्रीला जाहिरात देण्याची सोय नव्हती, हे त्या तत्त्वात बसत नव्हते.

1736 च्या नोव्हेंबरात फ्रँकलिनचा चार वर्षांचा मुलगा फ्रान्सिस देवीने गेला. बोस्टनच्या साथीनंतरच्या काळात बापाचे मत पुरते पालटले होते आणि ‘गॅझेट’ टोचणीचा पुरस्कार करीत होते. तरीही मुलाचे पोट बिघडले होते म्हणून टोचणे लांबले आणि तेवढ्यात रोगाने गाठले. गावात मात्र, मुलगा टोचल्यामुळेच मेला, अशी वदंता उठली. तेव्हा महिन्याभराने, 30 डिसेंबर रोजी, फ्रँकलिनने आपल्या पत्रात एक निवेदन दिले. मुलाला टोचले नव्हते, त्याला देवी नेहमीच्या मार्गानेच आल्या आणि टोचणी हितकर असल्याचे आपले मत कायम आहे, असे त्याने त्यात कळवले. पुत्रशोकात बुडालेल्या बापाला गप्प बसणे सोपे होते आणि कोणी त्याला दोषही दिला नसता. पण त्या वदंतेने भिऊन आणखी कोणी आईबाप आपल्या मुलाला टोचणार नाहीत, हे त्याने जाणले. पोरसवदा वयात ज्या छापखान्यात तो राबला, तेथून निघालेल्या मजकुराचे उत्तर त्याला पंधरा वर्षांनी आपल्याच मुलाच्या मृत्यूची हकीगत छापून द्यावे लागले. टोचले नाही याची खंत त्याने म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्रातही नोंदवून ठेवली आहे.

यानंतरचा फ्रँकलिन पेटंट औषधवाल्यांच्या नेमक्या उलट वागताना दिसतो. घर उबदार ठेवणारी नवी शेगडी त्याने काढली, तेव्हा प्रांताच्या गव्हर्नराने तिचा मक्ता देऊ केला. फ्रँकलिनने तो नाकारला आणि 1744 साली शेगडीची सारी रचना पुस्तिकेतून जगजाहीर केली. विजेच्या झटक्यांनी पक्षाघात बरा होतो, अशी आवई उठल्यावर लोक त्याच्याकडे रोगी आणू लागले. त्याने प्रयोग केले. वीज म्हणजे त्याच्या कीर्तीचा पाया, आणि तिच्या नावावर हवे ते खपले असते. तरीही रोग्यांना कायमचा गुण आलेला आपण पाहिला नाही, असे त्याने 1757 साली लंडनमधील एका डॉक्टरमित्राला स्पष्ट कळवले. 1759 साली टोचणीची माहिती देणाऱ्या हेबर्डन या डॉक्टरच्या पुस्तिकेला त्याने प्रस्तावना लिहिली आणि तिच्या प्रती अमेरिकेत फुकट वाटण्याची व्यवस्था केली.

1784 साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, पॅरिसमध्ये वकील असताना त्याच्यापुढे औषधांच्या बाजारातील सर्वांत मोठा दावा आला. मेस्मर हा वैद्य प्राणिचुंबकत्वाने रोग घालवतो म्हणून पॅरिस वेडे झाले होते. फ्रेंच राजाने नेमलेल्या चौकशी मंडळात लाव्हाझिएसारखे शास्त्रज्ञ होते आणि फ्रँकलिन त्यात अग्रभागी होता. त्याच्या पासी येथील बागेत मेस्मरच्या शिष्याने एका झाडाला चुंबकत्व दिले आणि डोळे बांधलेल्या मुलाला झाडांजवळून फिरवले. चुंबकत्व न दिलेल्या झाडापाशीच मुलगा मूर्च्छित पडला. गुण द्रव्यात नसून रोग्याच्या कल्पनेत आहे, असा निष्कर्ष मंडळाने काढला. सासूच्या मलमाची हमी आपल्या पत्रात येऊ देणारा तरुण मुद्रक आणि डोळे बांधून दावा पारखणारा हा वृद्ध यांच्यामध्ये पन्नासहून अधिक वर्षांचे अंतर होते.

गुलामांच्या बाबतीत मात्र त्याला याहून उशीर झाला. 1787 साली तो पेनसिल्व्हेनियातील गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला. 1790 च्या फेब्रुवारीत गुलामगिरीविरुद्धचा अर्ज त्याच्या स्वाक्षरीने काँग्रेसपुढे गेला. मार्चमध्ये गुलामगिरीच्या समर्थकांची खिल्ली उडवणारा त्याचा लेख छापून आला आणि 17 एप्रिल रोजी त्याचे देहावसान झाले. त्याच्या पत्रातील जाहिरातींवरून ज्यांचे सौदे झाले, त्यांना या पश्चात्तापाचा काही उपयोग नव्हता. चरित्रकाराने हे झाकू नये आणि त्या पश्चात्तापाचे मोल कमीही करू नये.

हे सारे आज सांगण्याचे कारण उघड आहे. 1954 साली आपल्या संसदेने जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा कायदा केला. तरीही मधुमेह मुळापासून घालवणारे, आठवड्यात वजन उतरवणारे आणि वंध्यत्व दूर करणारे उपाय छापले जातच आहेत, दाखवलेही जात आहेत. जाहिरातीच्या पानावर बारीक अक्षरात एक सूचना असते की, वाचकांनी स्वतः खातरजमा करून घ्यावी. ही सूचना म्हणजे 1731 सालच्या त्या कैफियतीचाच संक्षेप होय. पण खातरजमा करण्याचे साधन वाचकाजवळ असते तर तो जाहिरातीवर विसंबलाच नसता. मतांच्या बाबतीत छापणाऱ्याने उदार असावे, सर्वांना जागा द्यावी. माणसाच्या शरीराचा आणि स्वातंत्र्याचा प्रश्न येतो तेथे मात्र पैसे घेणारा हात हा जबाबदारीही घेणारा हात असला पाहिजे. फ्रँकलिनला हे कळावयास एक मूल गमवावे लागले आणि एक दीर्घ आयुष्य खर्चावे लागले. तेवढी सवड आपल्याला नाही.