परळचा परका माणूस

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव मी प्रथम ऐकले ते २०२१ साली. करोनाची लस टोचायला आरोग्यसेविका आमच्या गावात आल्या होत्या आणि माझी आजी काही केल्या घराबाहेर पडत नव्हती. टोचून घेतलेला माणूस मरतो, असे तिने कुणाकडून तरी ऐकले होते. शेवटी शेजारच्या निवृत्त गुरुजींनी तिची समजूत घातली. हाफकिन नावाच्या एका साहेबाने सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि ती आधी स्वतःला टोचून घेतली, असे त्यांनी सांगितले. आजी उठली. पुढे महाविद्यालयात आल्यावर मी या साहेबाचे चरित्र शोधून वाचले. तेव्हा कळले, की हा साहेब मूळचा इंग्रज नव्हताच. आणि टोचल्याने माणसे मेली, हा आरोप त्याच्याच माथी आला होता.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी रशियन साम्राज्यातील ओडेसा या बंदरी, एका ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात मेचनिकॉफ यांच्यासारखे थोर गुरू त्यांना लाभले. विद्यार्थिदशेतच ते झारशाहीविरुद्धच्या चळवळीत ओढले गेले, त्यांना अटकही झाली. ज्यू म्हणून प्राध्यापकपदाची वाट बंद होती. धर्म बदलला असता तर ती उघडली असती. तो त्यांनी बदलला नाही. १८८८ साली त्यांनी देश सोडला. पुढच्या वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांना जागा मिळाली, ती ग्रंथालयात साहाय्यकाची. कमवा व शिका योजनेत ग्रंथालयातली पुस्तके लावणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून मोठा धीर आला. पुस्तके सांभाळून उरलेल्या वेळात हा माणूस पटकीच्या जंतूंवर प्रयोग करीत होता. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी पटकीची लस स्वतःला टोचून घेतली.

१८९३ साली ते हिंदुस्थानात आले. कलकत्त्याच्या वस्त्यांत आणि आसामच्या चहामळ्यांत ते लस घेऊन हिंडले. त्यांची पद्धत विचार करण्यासारखी होती. एकाच वस्तीतील काहींना टोचायचे, काहींना नाही, आणि मग दोघांची तुलना करायची. लस घ्यायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे. लोकांना वश करायचे ते पुराव्याने, बळजबरीने नव्हे, हे त्यांचे मत शेवटपर्यंत टिकले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. घराघरांत उंदीर पडू लागले, माणसे शहर सोडून पळू लागली. ही साथ आपल्याला परकी नाही. पुण्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगने गेल्या. आपल्या नाशिकजवळच्या भगूरला १८९९ साली सावरकर बंधूंचे वडील याच रोगाने गेले. सरकारने झडत्या घेतल्या, माणसे घरांतून ओढून नेली, आणि त्या संतापात पुण्यात रँडचा वध झाला. त्याच काळात हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा खोलीत काम करीत होते. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. मांसाच्या सारात, वर तुपाचे थेंब सोडून, ते प्लेगचे जंतू वाढवीत आणि मग उष्णतेने मारीत. सार बोकडाच्या मांसाचे असे. गाय किंवा डुक्कर यांचे मांस वापरून हिंदू-मुसलमानांच्या भावना दुखवायच्या नाहीत, याचे भान त्यांना होते. १० जानेवारी १८९७ रोजी ही लसही त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील, स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली. ती रामबाण नव्हती. टोचल्यावर ताप येई आणि पूर्ण संरक्षणही मिळत नसे. पण टोचलेल्यांत मृत्यू स्पष्टपणे कमी झाले. आगाखानांनी कामासाठी आपली वास्तू दिली आणि स्वतः टोचून घेतले. ऑगस्ट १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात हाफकिन यांची प्रयोगशाळा उघडली.

मग ३० ऑक्टोबर १९०२ हा दिवस उजाडला. पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने मेले. हे सारे एकाच बाटलीतून टोचलेले होते. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला. लस बनवताना कार्बोलिक आम्ल वगळले, हा हाफकिन यांचा दोष ठरवला गेला आणि त्यांना कामावरून दूर करण्यात आले. वस्तुतः गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच बुचाला लावला होता. हाफकिन वैद्यकाचे पदवीधर नव्हते, ते प्राणिशास्त्राचे अभ्यासक होते. शिवाय परके आणि ज्यू. त्यांच्या बाजूने बोलणारे सरकारी खात्यात कमीच होते. ते लंडनला गेले आणि चिकाटीने पुरावे मांडत राहिले. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी टाइम्स पत्रात त्यांची बाजू मांडली. त्या वर्षाअखेर ते निर्दोष ठरले.

पण निर्दोष ठरणे आणि गेलेले परत मिळणे यांत अंतर असते. परळची जागा भरली गेली होती. त्यांना कलकत्त्याला नेमले, तेथे नव्या लसींच्या चाचण्या करू दिल्या नाहीत. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ते निवृत्त होऊन युरोपात परतले. उत्तरायुष्यात त्यांचा ओढा आपल्या धर्माकडे वळला. मिळकत त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू पाठशाळांच्या मदतीसाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले होते १९२५ साली, ते येथून गेल्यावर.

गुरुजींनी आजीला अर्धीच गोष्ट सांगितली होती. गेल्या दिवाळीत मी तिला उरलेली सांगितली. भीतीपोटी ती पुन्हा टोचून घेणार नाही, असे मला वाटले होते. तिने सगळे ऐकून घेतले. नंतर तिने एवढेच विचारले, की खाली पडलेला चिमटा पुन्हा उकळायला त्या लोकांचे काय जात होते? लस वाईट, असे ती म्हणाली नाही. विश्वासाने दंड पुढे करणाऱ्या त्या १९ जणांविषयी ती बराच वेळ हळहळत राहिली. साऱ्या चौकश्यांतून निघालेला निष्कर्षही याहून वेगळा नव्हता. फक्त तेथे पोचायला सरकारला पाच वर्षे लागली.