शार्कचे दात आणि डोंगराचे थर

सिव्हिलच्या पोरांना इंजिनिअरिंग जिऑलॉजी नावाचा एक पेपर असतो. त्यात एक नियम येतो: एकावर एक थर असतील तर खालचा आधीचा आणि वरचा नंतरचा. आमच्या विंगमध्ये सगळ्यांचं म्हणणं एकच, की यात नियम कसला? मेसमधल्या ताटांच्या चळतीलाही हेच लागू आहे! दोन मार्कांचा प्रश्न म्हणून मीही तो पाठ करून सोडून दिला असता. पण नियमाच्या वर स्टेनो हे नाव होतं, आणि मेडिकलला असलेल्या माझ्या मावसबहिणीच्या ॲनाटॉमीच्या पुस्तकात मी स्टेन्सन डक्ट असं काहीतरी वाचलं होतं. शोधल्यावर कळलं की दोन्ही एकच माणूस. दगडवाला आणि डॉक्टर एकच! मग मात्र मी त्याच्या मागेच लागलो.

नील्स स्टेन्सन (लॅटिनमध्ये निकोलस स्टेनो) याचा जन्म ११ जानेवारी १६३८ चा, डेन्मार्कमधल्या कोपनहेगनचा. वडील सोनार. वयाची तीन ते सहा ही वर्षं आजारपणात गेली, त्यानंतर लवकरच वडीलही गेले. १६५४-५५ मध्ये शहरात प्लेग आला आणि त्याच्या शाळेतली २४० मुलं दगावली. १६५६ ला मेडिकलला प्रवेश घेतला, तर दोन वर्षांत स्वीडनच्या सैन्याने शहराला वेढा घातला. अशा दिवसांत हा पठ्ठ्या मिळेल ते पुस्तक वाचून वहीत टिपणं काढत बसायचा. १६५९ ची ती वही आजही आहे. तिचं नाव त्याने काय ठेवलं होतं? केऑस!

वेढा उठण्याच्या सुमारास, १६६० मध्ये, तो शिकायला ॲम्स्टरडॅमला गेला. तिथे ब्लासियस नावाच्या प्राध्यापकाकडे राहत होता. एक दिवस मेंढीचं मुंडकं आणून एकटाच कापत बसला. गालात सळई घातली तर ती एका नळीतून पुढे सरकली आणि दातांवर टक्कन वाजली. कानाजवळच्या ग्रंथीतून तोंडात लाळ आणणारी ही नळी तोवर कुणी नीट ओळखली नव्हती. वय २२. प्राध्यापक महाशयांनी आधी हा शोध उडवून लावला, आणि नंतर तो आपलाच आहे असं सांगायला सुरुवात केली! (ज्यांनी प्रोजेक्ट केलंय त्यांना जास्त समजावून सांगायला नको.) स्टेनो भांडला, पण कसा? त्या एका नळीवर अडून न बसता तो लायडनला गेला आणि तोंडातल्या, नाकातल्या, डोळ्यांतल्या ग्रंथी एकामागून एक शोधून दाखवू लागला. ज्याला सगळा नकाशा माहीत आहे, त्याने एक गल्ली चोरली असं कोण म्हणणार? ती नळी आज त्याच्याच नावाने ओळखली जाते. अश्रू मेंदूतून झिरपतात ही समजूतही याच कामाने मोडली. ते डोळ्याजवळच्या ग्रंथीतून येतात हे त्याने दाखवलं.

पुढचा नंबर हृदयाचा. हृदय म्हणजे शरीरातल्या उष्णतेची भट्टी, आत्म्याचं घर, असं शेकडो वर्षं शिकवलं जात होतं. स्टेनोने त्याचे तंतू सोडवून पाहिले आणि सांगितलं की हा एक स्नायू आहे, बाकी काही नाही. आज आपल्याला हे साधं वाटतं, पण तेव्हा लोकांना किती लागलं असेल याची कल्पना करा. स्नायू आखडतो तेव्हा तो फुगत नाही, त्याचं घनफळ तेवढंच राहतं, हेही त्याने भूमितीने मांडलं. समांतर तंतूंचा तिरका ठोकळा घेऊन, अगदी आपल्या मेकॅनिक्सच्या डायग्रामसारखं. तीनशे वर्षं त्या आकृतीकडे कुणी फारसं पाहिलं नाही. विसाव्या शतकात बायोमेकॅनिक्सवाल्यांनी तिरक्या तंतूंच्या स्नायूंची मॉडेल्स मांडली, तेव्हा ती त्याच्याच आकृतीजवळ जाणारी निघाली.

मला सगळ्यात आवडलेला प्रसंग १६६५ चा, पॅरिसचा. विद्वान जमलेत, विषय मेंदू. देकार्तचं नाव तेव्हा केवढं मोठं, आणि स्टेनो स्वतः त्याला मानणारा. देकार्तने लिहिलं होतं की मेंदूतली एक लहानशी ग्रंथी हलून-डुलून शरीर चालवते. स्टेनोने सुरुवातच अशी केली की मेंदूबद्दल मला काहीच कळत नाही. (व्हायवाला हे बोलून बघा!) मग शांतपणे दाखवलं की ती ग्रंथी आजूबाजूला अशी बांधलेली आहे की तिला हलताच येणार नाही. ज्याच्याकडून विचार करायला शिकला, त्याचंच पुस्तक सुरीपुढे टिकलं नाही, आणि याने सुरीची बाजू घेतली.

१६६६ ला तो फ्लोरेन्सला, ग्रँड ड्यूकच्या आश्रयाला गेला. त्याच ऑक्टोबरमध्ये लिव्होर्नोजवळ कोळ्यांना एक प्रचंड शार्क सापडला आणि ड्यूकने त्याचं डोकं स्टेनोकडे पाठवलं. दात पाहिल्यावर त्याला माल्टा बेटावरच्या त्रिकोणी दगडांची आठवण झाली. त्यांना जीभ-दगड म्हणत. कुणी म्हणे ते आकाशातून पडतात, कुणी म्हणे संत पॉलने सापांच्या जिभा दगड केल्या. विषबाधा होऊ नये म्हणून लोक ते गळ्यात घालत. हे शार्कचे दात असावेत असं कोलोना नावाच्या इटालियनाने पन्नास वर्षं आधी लिहिलेलं होतं. (आणि स्टेनोच्या १६६७ च्या पुस्तकातलं ते भयंकर जबड्याचं चित्र त्या शार्कचं नाहीच, जुन्या ताम्रपटावरून घेतलेलं आहे!)

मग स्टेनोने वेगळं काय केलं? त्याने विचारलं, समुद्रातला दात डोंगरातल्या खडकात शिरला कसा? भिंतीत पिंपळ वाढला तर भिंत तडकते आणि मुळंही वेडीवाकडी होतात. दात जर खडकातच वाढले असते तर तेही चेपलेले, वाकलेले मिळायला हवे होते. पण ते सगळे जबड्यातल्यासारखे अखंड आहेत. म्हणजे दात आधी टणक होता, आणि भोवतीचा खडक तेव्हा मऊ गाळ होता. दोन घन वस्तू एकमेकीत असतील तर जिने दुसरीवर आपला आकार उमटवला ती आधीची. बस्स, एवढंच! पण हे कळलं की बाकी सगळं ओघाने येतं. गाळ पाण्यातून खाली बसतो, म्हणून खालचा थर आधीचा. तो आडवा बसतो, म्हणून तिरका थर दिसला तर नंतर काहीतरी उलथापालथ झाली. १६६९ मध्ये त्याने हे छापलं आणि टस्कनीच्या जमिनीचा इतिहास सहा आकृत्यांत काढून दाखवला. दगडाला तारीख नसली तरी क्रम असतो, आणि तो वाचता येतो, हे तोवर इतकं स्वच्छ कुणी मांडलं नव्हतं. स्फटिकांच्या पृष्ठांमधले कोन बदलत नाहीत ही गोष्टही त्याच पुस्तकातली.

रेल्वेने बोरघाट चढताना खिडकीतून काळे पायऱ्या-पायऱ्यांचे थर दिसतात. ते गाळाचे नाहीत, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे आहेत, पण कुठला लाव्हा आधी वाहिला हे ठरवताना पहिला नियम तोच मेसच्या ताटांचा. स्टेनोला स्वतःला मात्र असले कोटींचे आकडे सुचले नाहीत. त्याने सगळं बायबलच्या काही हजार वर्षांतच बसवलं, आणि अरेझ्झोजवळ मिळालेली हाडं हॅनिबलच्या हत्तींची ठरवली. ती निघाली कितीतरी जुन्या हत्तीवर्गीय प्राण्यांची.

इथून पुढची गोष्ट मला अजून पचलेली नाही. १६६७ मध्ये तो प्रोटेस्टंटचा कॅथलिक झाला होता. १६७५ मध्ये धर्मगुरू झाला, १६७७ मध्ये बिशप, आणि विज्ञान जवळजवळ सुटलंच. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर्सनी आम्हाला पुष्कळ संतांच्या गोष्टी सांगितल्या, पण शार्कचं डोकं कापणारा हा बिशप त्यात कधी आला नाही. लाइबनिट्स त्याला हॅनोव्हरमध्ये भेटला. तो चांगला संशोधक सोडून बेताचा धर्मपंडित झाला, याची लाइबनिट्सला हळहळ वाटली. मलाही वाटते. पण माणूस बदलला असं वाटत नाही. अंगठी विकून गरिबांना पैसे दिले. १६८३ मध्ये म्युन्स्टरला नवा बिशप निवडताना पैसे चालले, तेव्हा निषेध म्हणून सरळ शहर सोडून गेला. म्हणजे ॲम्स्टरडॅमचाच स्टेनो! ५ डिसेंबर १६८६ ला श्वेरिनमध्ये पोटाच्या असह्य दुखण्याने तो गेला, वय अवघं ४८. शव फ्लोरेन्सला नेऊन सॅन लोरेन्झो चर्चमध्ये पुरलं. १९८८ मध्ये पोपनी त्याला धन्य जाहीर केलं, म्हणजे संतपदाच्या अलीकडची पायरी.

१६६९ चं ते पुस्तक शंभर पानांचंही नाही. त्याच्या नावातच प्रोड्रोमस हा शब्द आहे, म्हणजे प्रस्तावना. मोठा ग्रंथ मागून येणार होता. तो त्याने कधीच लिहिला नाही.