ओवीतून पोहोचलेली देवाची प्रीती

फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) हे इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू. १५७९ साली ते गोव्यात आले. पोर्तुगीजांनी देवळे पाडल्याने संतापलेल्या कुंकळ्ळीकरांनी १५८३ मध्ये पाच येशूसंघीयांना ठार केले. त्यानंतरही फादर स्टीफन्स अनेक वर्षे त्याच साष्टीतील लोकांत राहिले. त्यांनी कोंकणीचे व्याकरण रचले आणि मराठीत सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ लिहिले. ते १६१६ साली राशोल येथे छापले गेले. देवाची प्रीती त्यांनी लोकांच्या परिचयाच्या ओवीतून सांगितली.

प्रिय बंधुभगिनींनो, चाकण-महाळुंगेच्या कारखान्यांत आज अनेक प्रांतांचे लोक काम करतात. त्यांच्या बोलीतील एक गोड शब्द आपल्या मुखी यावा. तीही सुवार्ताच होय.