दामाजीपंतांचा निवाडा

श्रीसंत दामाजीपंत आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचे. पंधराव्या शतकात बेदरच्या बहामनी बादशहाचे ते अंमलदार. कोठारांच्या किल्ल्या त्यांच्या हाती, पण दाणा न् दाणा सरकारचा. अशात घोर दुष्काळ पडला. माणसे अन्नावाचून मरू लागली.

पंतांना पेच पडला. खाल्ल्या मिठाला जागावे, तर दारात प्रेते. कुलूप काढावे, तर धन्याचा विश्वासघात. शेवटी त्यांनी मनाचा कौल घेतला आणि कोठारे रयतेला मोकळी केली. चोरी म्हणावी, तर स्वतःसाठी काही ठेवले नाही. बादशहाचे बोलावणे आले, तेव्हा पळूनही गेले नाहीत.

पुढची कथा वारकऱ्याला पाठच आहे. विठू महाराच्या रूपाने देव बेदरला गेला, रक्कम भरली, पंत सुटले. पण मंडळी, दोन गोष्टी ध्यानात धरा. देव धावून येईल हे पंतांना आधी ठाऊक नव्हते. ठाऊक असते, तर तो सौदा झाला असता. आणि देवानेही धन्याचे देणे बुडवले नाही, चुकते केले. भुकेल्याला द्यावे, त्याची किंमत मात्र आपण सोसायची तयारी ठेवावी.