सदू शिंदे : एका डावापुरता लाभलेला विश्वास

जळगाव-धुळ्याच्या मैदानांवर नाव काढणाऱ्या खानदेशी गोलंदाजाला पुढची वाट सापडते ती महाराष्ट्राच्या रणजी संघातून. नवोदित फिरकीपटूला दोन सामन्यांत मार बसला की त्याच्याविषयी कुजबुज सुरू होते. याच महाराष्ट्र संघाकडून खेळलेले सदाशिव गणपत ऊर्फ सदू शिंदे अशा वेळी हमखास आठवतात.

18 ऑगस्ट 1923 रोजी मुंबईत जन्मलेले शिंदे लेगब्रेक आणि गुगली टाकत. ही कला मुळातच खर्चिक. चेंडू वळला तर बळी, टप्पा चुकला तर चौकार. 1943-44 च्या हंगामात ब्रेबॉर्न स्टेडियमवर विजय मर्चंट यांनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद 359 धावा कुटल्या. त्या डावात विशीतल्या शिंदे यांनी 75.5 षटके टाकली आणि 186 धावांत 5 बळी घेतले. एवढा मार पडत असतानाही कर्णधाराने चेंडू त्यांच्या हाती ठेवला, हे विशेष.

जून 1946 मध्ये लॉर्ड्सवर त्यांनी कसोटी पदार्पण केले. तेथे ते लक्षात राहिले फलंदाज म्हणून. रुसी मोदी यांच्यासह त्यांनी अखेरच्या जोडीसाठी 43 धावा जोडल्या. दुसऱ्या कसोटीसाठी मात्र पाच वर्षे थांबावे लागले. नोव्हेंबर 1951 मध्ये दिल्लीत त्यांनी 91 धावांत 6 बळी टिपले आणि इंग्लंडचा डाव 203 धावांत आटोपला. दुसऱ्या डावात त्यांच्या गोलंदाजीवर झेल सुटले, वॉटकिन्स नाबाद 137 धावांवर खिळून राहिले आणि हाताशी आलेला विजय निसटला. ते झेल घेतले गेले असते तर शिंदे यांची कारकीर्द कदाचित वेगळी झाली असती.

त्याच मालिकेत सुभाष गुप्ते यांचे पदार्पण झाले. 1952 च्या इंग्लंड दौऱ्यानंतर शिंदे यांना पुन्हा कसोटी मिळाली नाही. सात कसोटींत 12 बळी, सरासरी 59.75. आकडे निवड समितीच्या बाजूने बोलतात, हे मान्य करावेच लागेल. पण प्रथम श्रेणी सामन्यांतील 230 बळी वेगळेच काही सांगतात.

विषमज्वराने त्यांचे निधन झाले तेव्हा ते अवघे 31 वर्षांचे होते. त्यांची कन्या प्रतिभा यांचा पुढे शरद पवार यांच्याशी विवाह झाला. निधनाची तारीख 22 जून 1955. नऊ वर्षांपूर्वी याच तारखेला लॉर्ड्सची ती कसोटी सुरू झाली होती.