विश्लेषण : विश्व प्रसरण पावते, हे हबल यांच्याआधी कोणी सांगितले? कोण होते जॉर्ज लमेत्र?

विश्वाच्या प्रसरणाचा विषय निघाला की अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांचे नाव घेतले जाते. मात्र हबल यांच्या दोन वर्षे आधी, १९२७ मध्येच हा निष्कर्ष बेल्जियममधील एका कॅथलिक धर्मगुरूने मांडला होता. त्यांचे नाव जॉर्ज लमेत्र. त्यांच्या वाट्याचे श्रेय अधिकृतपणे मिळायला २०१८ साल उजाडावे लागले.

इंजिनीअरिंग ते धर्मगुरू

लमेत्र यांचा जन्म १७ जुलै १८९४ रोजी शार्लरवा येथे झाला. ते इंजिनीअरिंग शिकत असतानाच १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. ते सैन्यात गेले, तोफखान्यात लढले आणि शौर्यपदक घेऊन परतले. त्यानंतर त्यांनी इंजिनीअरिंग सोडून गणित आणि भौतिकशास्त्राची वाट धरली. १९२० मध्ये डॉक्टरेट मिळाली आणि १९२३ मध्ये ते धर्मगुरू झाले. पुढे केंब्रिजला आर्थर एडिंग्टन आणि हार्वर्डला हार्लो शॅप्ली यांच्याकडे त्यांनी खगोलशास्त्राचा अभ्यास केला.

१९२७ च्या शोधनिबंधात काय होते?

त्या काळी विश्व स्थिर आहे, असेच बहुतेक शास्त्रज्ञ मानत. आइनस्टाइन यांनीही १९१७ मध्ये आपल्या समीकरणात एक जादा पद घालून विश्व स्थिर ठेवले होते. लमेत्र यांनी त्याच समीकरणांतून प्रसरण पावणारे विश्व मांडले आणि ४२ दीर्घिकांच्या नोंदींशी ते ताडून पाहिले. दीर्घिका जितकी दूर, तितका तिचा दूर जाण्याचा वेग जास्त, हे सूत्र त्यातून निघाले.

इलास्टिकच्या पट्टीवर पेनाने ठिपके काढून ती ताणली, तर प्रत्येक ठिपका दुसऱ्यापासून लांब जातो. ठिपके चालत नाहीत, पट्टी ताणली जाते. दीर्घिकांमधील अवकाशाचे तसेच आहे. सूर्यमाला मात्र गुरुत्वाकर्षणाने बांधलेली असल्याने ती या प्रसरणाने फुगत नाही.

श्रेय कसे निसटले?

हा निबंध फ्रेंच भाषेत, ब्रुसेल्सच्या एका फारशा न वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकात छापून आला. त्याच वर्षी आइनस्टाइन यांची भेट झाली. त्यांना गणितात चूक दिसली नाही, पण निष्कर्ष पटला नाही. १९२९ मध्ये हबल यांनी निरीक्षणांतून तोच संबंध दाखवला आणि सूत्राला त्यांचे नाव मिळाले.

एडिंग्टन यांच्या पुढाकाराने १९३१ मध्ये निबंध इंग्रजीत आला, पण प्रसरणाच्या दराचा भाग त्यात नव्हता. तो कोणी मुद्दाम गाळला, अशी शंका पुढे अनेक वर्षे घेतली गेली. २०११ मध्ये उजेडात आलेल्या पत्राने उलगडा केला. अनुवाद स्वतः लमेत्र यांनीच केला होता आणि हबल यांची नवी निरीक्षणे आल्याने जुने आकडे पुन्हा छापण्यात त्यांना अर्थ वाटला नव्हता.

महास्फोटाची कल्पना

प्रसरण उलट दिशेने मागे नेले, तर सारे विश्व एका ‘आदिअणू’त सामावते, असे लमेत्र यांनी १९३१ मध्ये मांडले. पुढे फ्रेड हॉइल यांनी १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर या कल्पनेला ‘बिग बँग’ म्हटले. हॉइल स्वतः स्थिर स्थिती सिद्धांताचे पुरस्कर्ते होते. त्यांच्यासोबत कोल्हापूरचे जयंत नारळीकर यांनीही महास्फोटाला पर्याय शोधला.

१९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी या सिद्धांताची सांगड बायबलमधील सृष्टीनिर्मितीशी घातली. ते लमेत्र यांना रुचले नाही. विज्ञान आणि श्रद्धा यांची सरमिसळ त्यांना मान्य नव्हती.

अखेर काय झाले?

१९६५ मध्ये महास्फोटाच्या उष्णतेचे अवशेष असलेले सूक्ष्मतरंग सापडल्याचे जाहीर झाले. ही बातमी लमेत्र यांच्यापर्यंत पोहोचली आणि २० जून १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. ऑक्टोबर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या मतदानात ७८ टक्के सदस्यांनी ‘हबल-लमेत्र नियम’ या नावाला कौल दिला.

लमेत्र यांनी काढलेला प्रसरणाचा दर सुमारे ६२५ होता. म्हणजे साडेबत्तीस लाख प्रकाशवर्षांमागे वेग सेकंदाला ६२५ किलोमीटरने वाढतो. त्या वेळची अंतरे चुकीची असल्याने हा आकडा फार मोठा आला. आज तो ७० च्या आसपास मानला जातो. पण एका पद्धतीने ६७, तर दुसरीने ७३ येतो. हा तिढा अजून सुटलेला नाही.