चिमणीच्या पायात रंगीत वाळं

अंगणात दाणे टिपायला येणारी चिमणी कालचीच की दुसरी, हे सांगता येईल का हो? सगळ्या सारख्याच दिसतात. हाच प्रश्न मार्गारेट मोर्स नाइस या अमेरिकन बाईला पडला आणि तिनं त्याचं उत्तर शोधलं, तेही घर आणि पाच मुली सांभाळून.

मार्गारेटचा जन्म १८८३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्टचा. वडील इतिहासाचे प्राध्यापक. पक्ष्यांची आवड लहानपणापासूनची. कॉलेज झाल्यावर तिनं क्लार्क विद्यापीठात पक्ष्यांवर संशोधन सुरू केलं, पण १९०९ मध्ये लग्न झालं आणि पीएच.डी. राहिली ती राहिलीच. पुढे नवऱ्याच्या नोकरीपायी संसार ओक्लाहोमात गेला. मुलींचं करता करता पक्षी मागेच पडले.

१९१९ च्या उन्हाळ्यात एक बातमी तिच्या वाचनात आली. होल्यांची शिकार ऑगस्टमध्येच खुली करायचं घाटत होतं, कारण तोवर त्यांची वीण संपते असा समज होता. खरंच संपते का? मार्गारेट घरट्यांचा शोध घेऊ लागली. सप्टेंबरातही घरट्यांत पिल्लं होती! ऑगस्टमध्ये आईबाप मारले, तर ती उपाशी मरणार. मागे पडलेलं काम तिनं पुन्हा हाती घेतलं. नवऱ्याच्या साथीनं तिनं ओक्लाहोमातल्या पक्ष्यांवर पुस्तकही लिहिलं.

१९२७ मध्ये बिऱ्हाड ओहायोतल्या कोलंबसला हललं. थोड्याच दिवसांत नऊ वर्षांची एलेनॉर न्यूमोनियानं गेली. आईच्या काळजाचं काय झालं असेल, ते आपल्याला सांगायला नको. १९२८ च्या मार्चमध्ये घराजवळच्या नदीकाठी मार्गारेटनं एक साँग स्पॅरो पकडला आणि त्याच्या पायात वाळं घातलं. साँग स्पॅरो म्हणजे आपल्या चिमणीएवढाच, पण गोड गाणारा पक्षी.

वाळं म्हणजे ॲल्युमिनियमची नंबर घातलेली हलकी कडी. पण नंबर वाचायचा तर पक्षी पुन्हा हाती लागायला हवा. म्हणून मार्गारेटनं जोडीला सेल्युलॉइडच्या रंगीत कड्या घातल्या. प्रत्येकाची रंगांची जुळणी वेगळी. आता लांबूनही ओळख पटायची! कुणाची जोडी कुणाशी जमली, कुणाची हद्द कुठवर, कुणाची पिल्लं जगली, सगळं ती वहीत टिपून ठेवी. एका पक्ष्यासाठी तर ती पहाटेपासून तिन्हीसांजेपर्यंत बसली. त्या एका दिवसात तो २३०५ वेळा गायला!

स्थलांतराचं कोडंही या वाळ्यांनीच उलगडलं. एकाच माळावरचे काही नर थंडीतही तिथंच राहत, काही दक्षिणेला जात आणि वसंतात परत आपल्याच जागी येत. एखादा तर एका वर्षी जाई, दुसऱ्या वर्षी मुक्काम ठोके. एका जातीचे सगळे पक्षी सारखेच वागतात, ही समजूत मोडीत निघाली.

तिचा अभ्यास आधी जर्मन नियतकालिकात छापून आला, मग १९३७ आणि १९४३ मध्ये इंग्रजीत दोन खंडांत. १९३८ मध्ये ती विल्सन पक्षिशास्त्र संस्थेची अध्यक्ष झाली. अमेरिकेतल्या मोठ्या पक्षिसंस्थेत हा मान मिळवणारी ती पहिली बाई. १९४२ मध्ये ब्रूस्टर पदकही मिळालं. तरी कुणी नुसती गृहिणी म्हटलेलं तिला खपत नसे, आपण प्राणिशास्त्र शिकलोय असं ती ठणकावून सांगे. १९७४ मध्ये, नव्वदी ओलांडून, ती गेली.

प्रयोगशाळा नाही, पगार नाही. घराजवळचा माळ, वही-पेन्सिल आणि चिकाटी, एवढंच तिचं भांडवल. आपल्याकडेही गणपतीच्या सुमारास उत्तरेकडचा करडा धोबी शेपटी हलवत पाणवठ्यावर उतरू लागतो. यंदा तो पहिल्यांदा दिसेल, ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढच्या वर्षीही लिहा. मार्गारेटचीही सुरुवात अशा टिपणांनीच झाली होती.